कनूची निवड

१८०५ सालच्या जुलै महिन्याची ९ तारीख. उत्तर अमेरिकेत मिसूरी नदीच्या मोठ्या धबधब्यांच्या वरच्या अंगाला एक होडी पाण्यात उतरवण्यात आली. होडी साधीसुधी नव्हती. तिचा सांगाडा लोखंडाचा होता, आणि तो हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारात कॅप्टन मेरिवेदर लुईस याने स्वतः लक्ष घालून घडवून घेतला होता. लांबी ३६ फूट, रुंदी साडेचार फूट. सांगाड्याचे तुकडे सुटे करून बरोबर न्यायचे, मोठ्या होड्या पुढे जाईनाशा झाल्या की ते जोडायचे, वरून जनावरांची कातडी शिवून ताणायची, की झाली होडी तयार! राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांनी लुईस आणि क्लार्क या दोघांना पॅसिफिक महासागरापर्यंतची वाट शोधायला धाडले होते, आणि या मोहिमेच्या सामानात लुईसची सगळ्यांत लाडकी वस्तू कोणती असेल तर ही होडी.

एल्क जातीच्या हरणांची २८ आणि रानगव्यांची ४ कातडी तिच्यावर चढली. आता शिवणीची भोके बुजवायला राळ हवी. राळ पाइनच्या झाडापासून निघते, आणि त्या उघड्या माळरानावर पाइनची झाडे कुठली? मग कोळशाची पूड, मेण आणि चरबी यांचा लेप करून थापला. पाण्यात सोडली तेव्हा होडी बुचासारखी तरंगली. सगळ्यांना हायसे वाटले. पण संध्याकाळी वादळ झाले, आणि नंतर पाहतात तो लेप कातड्यापासून सुटून आलेला आणि शिवणीशिवणीतून पाणी आत येते आहे. दोन वर्षे जपलेला तो सांगाडा शेवटी उलगडून जमिनीत पुरावा लागला. क्लार्कने माणसे घेऊन नदीच्या वर कॉटनवुडची दोन मोठी झाडे शोधली, ती तोडून कोरली, आणि त्या ओबडधोबड डोण्यांतून मोहीम पुढे गेली.

लुईस काही अडाणी नव्हता. होडीचे वजन, तिची वहनशक्ती, सगळा हिशेब त्याने आधी मांडला होता. पण हिशेब मांडला तो झाडी असलेल्या प्रदेशात बसून, आणि होडी वापरायची होती ती झाडे नसलेल्या प्रदेशात. ज्या पाण्यावर जायचे ते पाणी आणि त्याचा काठ न पाहता होडी निवडली, की असे होते.

आज मी आपल्यापुढे बोलणार आहे ते कनू या होडीविषयी. शिकारीला, रानातल्या मुक्कामाला किंवा संथ पाण्यावर चार दिवस भटकायला कनू घ्यायची तर ती कशी निवडावी, हा प्रश्न अमेरिकेत आणि कॅनडात आज हौशी माणूस दुकानात जाऊन विचारतो. प्रश्न दुकानातला असला तरी त्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास माहीत असला तर दुकानदाराच्या निम्म्या बोलण्याकडे दुर्लक्ष करता येते.

प्रथम कनू म्हणजे काय ते सांगतो. दोन्ही टोके निमुळती, वरून उघडी, अंगाने हलकी अशी ही होडी. आपला नावाडी वल्ही काठाला अडकवून, पाठ पुढे करून ओढतो. कनूतला माणूस तोंड पुढे करून बसतो आणि वल्हे मोकळे हातात धरून पाणी मागे सारतो. म्हणजे आपण कुठे चाललो आहोत हे त्याला दिसते! शिकाऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट केवढी मोलाची! शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांचा. १४९२ साली कोलंबस तिथे पोचला, त्याच्या माणसांनी तो ऐकला, आणि ‘कनोआ’ या रूपाने तो स्पॅनिश भाषेत गेला. टाइनोंची कनू मात्र झाडाच्या बुंध्यातून कोरलेली होती. अशा कोरीव होड्या जगभर सापडतात. हॉलंडमध्ये पेसे गावाजवळ १९५५ साली रस्त्याचे काम चालू असताना एक निघाली, ती इसवी सनापूर्वी आठ हजार वर्षांच्या आसपासची ठरली. नायजेरियात दुफुना येथे १९८७ साली सापडलेली सुमारे आठ हजार वर्षांची आहे. आपल्या कोकणातही खोड कोरून केलेल्या होड्या होत्या, आणि होडी कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात ती उलांडी तर किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायलाच नको.

पण कोरीव होडीला एक मोठी खोड आहे. ती जड असते. समुद्रकाठी किंवा एकाच नदीवर हे चालते. कॅनडाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. तळी, तळ्यांतून निघालेल्या नद्या, नद्यांत खडकाळ धावते पाणी, मध्येच धबधबा, मग पुन्हा तळे. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जायचे तर होडी डोक्यावर घेऊन जमिनीवरून चालावे लागते. या खुष्कीच्या टप्प्याला फ्रेंच लोकांनी ‘पोर्टेज’ म्हटले. तेव्हा इथली होडी अशी पाहिजे की दिवसा ती माणसांना वाहील आणि अधूनमधून माणसे तिला वाहतील.

यावर तिथल्या मूळ रहिवाशांनी काढलेला तोडगा म्हणजे भूर्जाच्या सालीची कनू. भूर्ज म्हटल्यावर आपल्याला पोथ्या आठवतात. हिमालयातल्या भूर्जपत्रांवर आपल्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले. त्याच कुळातले हे अमेरिकेतले झाड. त्याच्या शास्त्रीय नावातही ‘कागद देणारे’ असा अर्थ आहे. एका झाडाच्या सालीवर एकीकडे पोथी झाली आणि दुसरीकडे होडी, ही गंमत मला वर्गात सांगायला फार आवडते.

ती बांधण्याची रीत मोठी नवलाची आहे. आपला सुतार आधी सांगाडा उभा करतो आणि मग त्यावर फळ्या ठोकतो. इथे उलटे. आधी साल जमिनीवर अंथरायची, तिच्यावर दगडांचे वजन ठेवायचे, कडा वर वळवून मेखांच्या ओळींत धरायच्या, काठाच्या पट्ट्या बांधायच्या, आणि सर्वांत शेवटी सीडर लाकडाच्या पातळ फळ्या व वाफेने वाकवलेल्या बरगड्या आतून दाबून बसवायच्या. बरगड्यांनी साल ढोलाच्या कातड्यासारखी ताणली जाते. खिळा एकही नाही. शिवण स्प्रूसच्या मुळ्यांनी घालायची. सालीची पांढरी बाजू, जी झाडावर बाहेर असते, ती होडीत आत येते, आणि झाडाकडची पिवळसर गुळगुळीत बाजू पाण्याला लागते. चित्रकार हे अनेकदा चुकतात आणि पांढरीशुभ्र कनू रंगवतात. सांधे बुजवायला स्प्रूसचा डिंक, त्यात थोडी चरबी आणि कोळसा. चरबी कमी पडली तर गार पाण्यात डिंक तडकतो, जास्त झाली तर उन्हात ओघळतो. हे प्रमाण कुठे लिहिलेले नव्हते. ते हाताला माहीत होते. आणि होडी वाटेत फाटली तर? साल, मुळ्या आणि डिंक काठावरच्या रानातच उभे! लुईसच्या लोखंडी होडीला जे जमले नाही ते इथे न सांगता जमत होते.

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे निवडीकडे येऊ. साल तीच, पण होडी सगळीकडे एकसारखी नव्हती. अटलांटिक किनाऱ्यावरचे मिकमाक लोक समुद्रातही जात, म्हणून त्यांच्या कनूचा काठ मधोमध उंच केलेला असे, लाट आत येऊ नये यासाठी. तळ्यांच्या प्रदेशातल्या अल्गोंक्विनांनी टोके बुटकी ठेवली. पश्चिमेकडे कुटेनाई लोकांच्या कनूची दोन्ही टोके तर वर न वळता खाली पाण्याकडे उतरत जातात. पाहणाऱ्याला होडी उलटी केल्यासारखी वाटते. हॉडेनोसॉनी, ज्यांना इंग्रजीत इरोक्वा म्हणत, त्यांच्या मुलखात मोठा भूर्ज सहसा मिळत नसे. ते एल्म झाडाच्या जाड सालीची होडी झटपट बनवत. ती जड असे, फार टिकत नसे. पण काम संपले की सोडून देता येई. उत्तम होडी कोणती, असे या लोकांना विचारले असते तर त्यांनी बहुधा उलट विचारले असते, कुठे जायचे आहे?

युरोपीय माणसाला हे समजायला वेळ लागला. १६०३ साली फ्रेंच प्रवासी शाम्प्लें सेंट लॉरेन्स नदीवर लाशीन येथील धावत्या पाण्यापाशी आपली होडी घेऊन आला आणि अडला. त्याच्या लाकडी होडीला पुढे वाट नव्हती. मूळ रहिवाशांच्या कनू मात्र तिथून जात-येत होत्या. या देशात फिरायचे असेल तर यांच्याच होडीतून फिरले पाहिजे, हे त्याने तिथल्या तिथे ओळखले आणि लिहून ठेवले. पुढची दोनशे वर्षे कॅनडाचा सारा केसाळ कातड्यांचा व्यापार भूर्जाच्या सालीवर तरंगला, असे म्हटले तरी चालेल.

व्यापाऱ्यांनी होडी मोठी केली. मॉन्ट्रियलहून सुपीरियर तळ्यापर्यंत जाणारी कनू सुमारे ३६ फूट लांब आणि ६ फूट रुंद असे. तीन टनांच्या आसपास माल तिच्यात मावे. तिथून पुढे नद्या अरुंद आणि खुष्कीचे टप्पे अधिक, म्हणून माल उतरवून २५ फुटांच्या आसपासच्या लहान कनूंत भरत. एकाच कंपनीच्या एकाच प्रवासात दोन तऱ्हेच्या होड्या! गडी गठ्ठे पाठीवर वाहत. गठ्ठा ९० पौंडांचा, आणि एका खेपेला दोन घेण्याची रीत. म्हणजे दोन मणांहून अधिक ओझे पाठीवर. ग्रँड पोर्टेज हा टप्पा साडेआठ मैलांचा होता. या नोकरीत उंच माणूस नको असे. लांब पाय जागा अडवतात, आणि तेवढ्या जागेत माल मावतो!

अलेक्झांडर मॅकेन्झी १७९३ साली याच मार्गांनी पॅसिफिक किनाऱ्याला पोचला. त्याने आपल्या होडीचे माप लिहून ठेवले आहे. आतून २५ फूट लांब, ४ फूट ९ इंच रुंद, २६ इंच खोल. हिच्यात दहा माणसे आणि तीन हजार पौंड सामान. आणि वाट चांगली असेल तर दोन माणसे ती न विसावता तीनचार मैल नेऊ शकत. मापाचे हे चारपाच आकडे वाचले की होडी नजरेसमोर उभी राहते. जिज्ञासूंनी जुन्या प्रवासवर्णनांतले असे आकडे वगळून पुढे जाऊ नये, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ते अर्थातच वगळतात.

याच व्यापारात उलट निवडही झाली. १८२१ साली हडसन्स बे कंपनी आणि तिची प्रतिस्पर्धी नॉर्थ वेस्ट कंपनी एक झाल्या, आणि मालवाहतुकीसाठी यॉर्क बोट नावाची फळ्यांची जड होडी पुढे आली. तेवढ्याच माणसांत ती जास्त माल नेई आणि मोठ्या तळ्यावर शीड उभारता येई. खुष्कीच्या टप्प्यावर मात्र ती उचलणे अशक्य. खाली ओंडके घालून ओढत नेत. हिशेबनिसाला ही होडी पसंत होती. ओढणाऱ्यांना कोणी विचारले नसावे. कंपनीचा गव्हर्नर जॉर्ज सिम्पसन स्वतः दौऱ्यावर निघाला, उदाहरणार्थ १८२८ साली हडसन उपसागरापासून पॅसिफिककडे, तेव्हा त्याने हलकी कनूच घेतली. माल सावकाश गेला तरी चालतो. साहेबाला घाई असते.

इथपर्यंत होडी पोटासाठी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शहरातला माणूस हौसेखातर रानात जाऊ लागला. त्यांपैकी एकाचे नाव आपल्या परिचयाचे आहे. गांधीजींनी ज्याचा सविनय कायदेभंगावरचा निबंध वाचला, तो हेन्री डेव्हिड थोरो. १८५७ साली तो एका मित्राबरोबर मेन राज्यातल्या जंगलात गेला. वाटाड्या होता पेनॉब्स्कॉट जमातीचा जो पोलिस. नाव असे असले तरी हा गृहस्थ पोलीस नव्हे, बरं का. कनू पोलिसने स्वतः बांधलेली होती. थोरोने लगेच माप घेतले. १८ फूट ३ इंच लांब, मधोमध २ फूट साडेसहा इंच रुंद, एक फूट खोल. वजन अंदाजे ८० पौंड, म्हणजे ३६ किलो. तीन माणसे आणि त्यांचे सामान एवढ्याशा होडीत, आणि तळे ओलांडताना लाटा काठापर्यंत येत. रुंदी अडीच फूट आणि लांबी अठरा फूट, म्हणजे ही सुळकन जाणारी होडी होती, डुगडुगणारीही. पोलिस तीत बसल्यावर ती डुगडुगत नसे, एवढाच फरक.

माझ्या मते कनूच्या निवडीचा सगळ्यांत सुंदर किस्सा त्यानंतरचा आहे. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स नावाचा एक गृहस्थ पेनसिल्व्हेनियात राहत असे. धंद्याने चांभार, अंगाने किरकोळ, उंची पाच फुटांहून जरा अधिक, आणि क्षयाने ग्रासलेला. ‘नेसमुक’ या नावाने तो शिकारीच्या साप्ताहिकात लिही. लहानपणी ज्या मूळ रहिवाशाने त्याला रानात नेऊन शिकार शिकवली, त्याचेच हे नाव. त्या काळी न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिराँडॅक डोंगरांत श्रीमंत लोक सुट्टीला येत. वाटाड्या त्यांची होडी वल्हवी आणि खुष्कीच्या टप्प्यावर खांद्यावर घेई. सीअर्सकडे वाटाड्याला द्यायला पैसे नव्हते आणि जड होडी उचलायला ताकद नव्हती. म्हणजे रान त्याला बंदच होते म्हणा की.

त्याने कँटन गावच्या जे. हेन्री रश्टन या होडी बांधणाऱ्याला पत्र घातले: मला उचलता येईल एवढी होडी बांधून द्या. रश्टनने १८८० साली सीडरच्या पातळ फळ्यांची १८ पौंडांच्या आतली कनू बांधली. ती तरंगली. मग त्याहून हलकी, तीही तरंगली. असे करता करता १८८३ साली सीअर्स निघाला तो ९ फूट लांबीच्या आणि साडेदहा पौंड वजनाच्या कनूतून. साडेदहा पौंड म्हणजे पाच किलोदेखील नाही! पाण्याने भरलेली घागर याहून जड असते. वय ६१, छातीत रोग, आणि त्या उन्हाळ्यात त्याने २६६ मैल काटले. डिकन्सच्या कादंबरीतल्या सेरी गँप या दारूबाज दाईचे नाव त्याने होडीला दिले होते, कारण ती बाई पाण्याला कधी शिवत नसे आणि ही होडीही पाणी आत घेत नसे. ती होडी आजही जपून ठेवलेली आहे.

सीअर्सच्या होडीत दुसरा माणूस बसू शकला नसता, आणि एखादे हरीण मारले असते तर तेही आले नसते. ती जगातल्या फार थोड्या माणसांना उपयोगी होती. पण ज्याच्यासाठी बांधली त्याला तिने बंद झालेले रान उघडून दिले.

याच सुमारास मेन राज्यात सालीच्या जागी कॅनव्हास आला. आत सीडरच्या बरगड्या आणि फळ्या, बाहेर रंगाने बुजवलेले जाड कापड. मोठे भूर्ज दुर्मिळ होत चालले होते, आणि साच्यावर बांधता येत असल्याने या कनू कारखान्यात सारख्या निघू लागल्या. आकार जुनाच, पेनॉब्स्कॉटांचा किंवा अल्गोंक्विनांचा. नाव मात्र कारखानदाराचे. कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावच्या चेस्टनट कंपनीची ‘प्रॉस्पेक्टर’, म्हणजे खनिजे शोधत हिंडणाऱ्याची कनू, पोटाने खोल आणि टोकांकडे किंचित उचललेली. ती इतकी गाजली की कंपनी बंद पडून कित्येक वर्षे झाली तरी याच नावाच्या कनू निरनिराळे कारखानदार अजून काढतात.

मूळ बांधणारे तोवर म्हातारे झाले होते. एडविन टॅपन ॲडनी हा तरुण १८८७ साली न्यू ब्रन्सविकमध्ये गेला आणि मॅलिसीट जमातीच्या एका कारागिराजवळ बसून कनू बांधायला शिकला. पुढे आयुष्यभर त्याने जमातीजमातींच्या होड्यांची मापे घेतली, शंभराहून अधिक हुबेहूब लहान नमुने बनवले. १९५० साली तो वारला. टिपणे विस्कळीत पडलेली. हॉवर्ड चॅपेल याने ती लावली आणि १९६४ साली स्मिथ्सोनियन संस्थेने ग्रंथ छापला. आज भूर्जाची कनू पुन्हा बांधली जाते, आणि काही ठिकाणी मूळ जमातीची मुलेच आजोबांची होडी या ग्रंथातल्या मापांवरून बांधतात.

आता उरलेला इतिहास भराभर सांगतो, कारण त्यात होडी कमी आणि कारखाना जास्त आहे. १९४४ साली ग्रमन या विमान कंपनीचा एक अधिकारी विल्यम हॉफमन ॲडिराँडॅकमध्ये सुट्टीवर गेला होता. कॅनव्हासची जड कनू खांद्यावरून नेताना त्याच्या मनात आले की विमानाच्या ॲल्युमिनियमची का करू नये? युद्ध संपत आले होते, कारखान्याला काम हवेच होते. पत्र्याचे दोन अर्धे भाग दाबून मधोमध रिव्हेट मारले, की कनू झाली. कुजत नाही, रंग लागत नाही, वर्षभर अंगणात पालथी टाकली तरी चालते. शाळांनी आणि शिबिरांनी या हजारोंनी घेतल्या. पुढे ‘रॉयलेक्स’ नावाचे थरांचे प्लास्टिक आले. खडकावर आपटून पोचा आला तरी ते बरेचसे पूर्ववत होई. त्याचे उत्पादन बंद करण्याचे २०१३ साली जाहीर झाले आणि अनेक चांगल्या कनू त्याबरोबर गेल्या. १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी शोधलेल्या धाग्यापासून केव्हलार झाले. त्याची १७ फुटी कनू २० किलोंच्या आत बसते, किंमत मात्र खिसा हलका करते. आणि स्वस्तात घ्यायची तर पॉलिएथिलीनची मिळते. तिचे वजन? ३६ ते ४० किलो. म्हणजे जो पोलिसने सालीची बांधली होती त्याच वजनावर आपण फिरून आलो.

मग आज काय घ्यावे? शिकारीपासून सुरुवात करू. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्न उरलेला नाही. तिकडे परवाना काढून ऋतूत शिकार करतात. शिकाऱ्याला पहिली गोष्ट हवी ती शांतता. ॲल्युमिनियमच्या होडीत वल्ह्याचा दांडा काठाला लागला की भांडे वाजल्यासारखे वाजते, आणि मूस नावाचे ते प्रचंड सांबर कान टवकारून रानात शिरते. जुने शिकारी तर वल्ह्याचे पाते पाण्याबाहेर काढीतच नसत. पाण्यातच फिरवून पुन्हा पुढे नेत, म्हणजे थेंबांचादेखील आवाज नको. लाकूड-कॅनव्हास किंवा प्लास्टिक इथे बरे. दुसरी गोष्ट नवखे विसरतात. होडी निवडायची ती जातानाच्या ओझ्यावर नव्हे, येतानाच्या. नर मूस चारपाचशे किलोंचा भरू शकतो. जाताना ऐटीत तरंगणारी कनू मांस भरल्यावर काठापर्यंत बुडाली, तर थंड पाण्यातून घरी पोचणे दैवावर राहते. भरल्या होडीचा काठ पाण्यावर वीतभर तरी उरला पाहिजे. म्हणून १६-१७ फूट लांब, ३ फुटांच्या आसपास रुंद आणि पोटाने खोल अशी होडी. बदकांच्या शिकारीला मात्र उथळ, सपाट तळाची, मळकट रंगाची पुरते.

तळाविषयी दुकानात फार बोलतात. सपाट तळ पहिल्यांदा पाय ठेवताच स्थिर वाटतो; संथ पाण्यावर, गळ टाकून बसायला किंवा लहान मुलांना घेऊन जायला तो चांगला. पण वारा सुटून लाटा आडव्या आल्या की तो लाटेबरोबर तिरका होतो, आणि एका मर्यादेपलीकडे एकदम उलटतो. किंचित गोलावा असलेला तळ सुरुवातीला डुगडुगतो आणि पुढे सांभाळून घेतो. घाबरलेले गिऱ्हाईक अर्थातच पहिला उचलते. खरे पाहता निम्मी स्थिरता माणसाच्या बसण्यात असते. भूर्जाच्या कनूत जुने लोक गुडघे टेकून तळाशी बसत. आज बाकावर उंच बसतात आणि होडीला बोल लावतात.

मुक्कामाच्या सफरीला जाणाऱ्याने आधी नकाशावर खुष्कीचे टप्पे मोजावेत. मिनेसोटाच्या उत्तर सीमेवर एक हजाराहून अधिक तळ्यांचे राखीव रान आहे. तिथे या टप्प्यांची लांबी अजून ‘रॉड’ या जुन्या मापात सांगतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूएवढा. दिवसाला असे चारपाच टप्पे असतील तर केव्हलारसाठी मोजलेला पैसा खांदा परत करतो. एकाच तळ्याकाठी तंबू ठोकून चार दिवस राहायचे असेल, तर तोच पैसा फुकट गेला. तिथे जुनी ॲल्युमिनियमची कनू काय वाईट?

आणि संथ पाण्यावरची सगळ्यांत जुनी सफर अजून चालू आहे ती याच मिनेसोटात. ओजिब्वे लोक ज्याला मनोमिन म्हणतात ते रानभाताचे पीक तिथल्या उथळ तळ्यांत आपोआप येते. भाद्रपदाच्या सुमारास दोघेजण कनूतून निघतात. एक जण काठीने होडी रेटतो, दुसरा दोन हलक्या दांड्यांनी कणसे होडीवर वाकवून दाणे झोडतो. होडी रुंद असली तर रोपे मोडतात, पुढच्या वर्षीचे बी बुडते. म्हणून राज्याने कायदाच केला आहे: रानभाताला जाणारी होडी १८ फुटांहून लांब आणि ३६ इंचांहून रुंद नसावी, दांडे ३० इंचांहून मोठे नसावेत. जो पोलिसची ती कनू या कायद्यात रुंदीला सहज उतरली असती. लांबीला मात्र तीन इंचांनी नापास.